अंथरुणाला खिळलेली पवित्रता

दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसासाठी मराठी भाषेने एक खास क्रियापद राखून ठेवले आहे : खिळणे. ताप आलेला माणूस अंथरुणावर पडतो, वृद्ध माणूस अंथरूण धरतो. पण ज्याचे हातपाय कायमचे गेले तो अंथरुणाला ‘खिळतो’. या शब्दात खिळा आहे, आणि खिळा म्हटला की ख्रिस्ती मनाला दुसरे काही सुचण्यापूर्वी क्रूस आठवतो. म्हणूनच आपल्या प्रवचनांत, संतचरित्रांत आणि श्रद्धांजलीपर लेखांत असा आजारी पाहता पाहता क्रूसावर चढतो. त्याच्या वेदनेला त्यामुळे अर्थ लाभतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु खिळलेल्या माणसाने हलावे अशी अपेक्षा कोणीच करीत नाही. आणि आपल्या भक्तिपर साहित्यातला एक मोठा दोष, आमच्या मते, नेमका येथे सुरू होतो.

या दोषाचा विचार करण्यासाठी आम्ही तीन लेखक समोर ठेवीत आहोत. पहिला पंधराव्या शतकातला, दुसरा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा आणि तिसरी लेखिका आपल्या काळातली. तिघांनाही जोडणारा धागा एका आजाराचा आहे : मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवर मेदाचे एक आवरण असते. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच या आवरणावर उलटते, ते ठिकठिकाणी झडते आणि मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत उशिरा किंवा अर्धवट पोहोचते. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान डोके वर काढतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो. कोणाच्या एका डोळ्यापुढे धुके येते, कोणाच्या पायातून चप्पल नकळत निसटते, कोणाला सकाळी उठतानाच दिवसभराचे कष्ट उपसल्यासारखा थकवा असतो. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे रीतसर वर्णन केले. अर्थात त्यापूर्वीही तो माणसांना होतच असला पाहिजे.

येथे संत लिदविना आठवते. हॉलंडमधील स्कीडाम या गावी १३८० साली तिचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी, गोठलेल्या पाण्यावर मैत्रिणींबरोबर घसरत असताना एकीचा धक्का लागून ती पडली आणि तिची उजवी बरगडी मोडली. ती पुन्हा कधीच पूर्ववत झाली नाही. चालणे अवघड झाले, एका डोळ्याची दृष्टी गेली, उजवा हात निकामी झाला; अखेरीस केवळ डोके व डावा हात तेवढा हलत असे. अशा स्थितीत ती १४३३ सालच्या पास्काच्या सप्ताहात प्रभूघरी गेली. तेराव्या लिओ पोपमहोदयांनी १८९० साली तिच्या संतपदाला मान्यता दिली. दीर्घकाळच्या आजाऱ्यांची, आणि गंमत म्हणजे बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांचीही, ती आश्रयदाती आहे. मेडार नावाच्या डॉक्टरांनी १९७९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात असा तर्क मांडला की, लिदविनाचा आजार मल्टिपल स्क्लेरोसिस असावा आणि तसे असेल तर या आजाराचा इतिहास चौदाव्या शतकापर्यंत मागे जातो. हा तर्कच आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाची नाडी आज कोणी पाहू शकत नाही, आणि चरित्रांतली कित्येक लक्षणे या आजारात बसतही नाहीत. तरीही चरित्र वाचण्याची एक नवी दृष्टी या तर्काने दिली, हे खरे.

लिदविनाच्या चरित्रकारांत थॉमस अ केम्पिस यांचे नाव सर्वांना परिचित आहे. ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ या ग्रंथामुळे ते आपल्या घराघरांत पोहोचले आहेत. त्यांनी लिदविनाचे चरित्र तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच लिहिले. लहान लहान प्रकरणे, संयमी भाषा, आणि व्यथेमागून सद्गुण, सद्गुणामागून साक्षात्कार अशी चढत जाणारी रचना. पुस्तकाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. लिदविना केवळ सोसत नाही. ती अंथरुणावरून दानधर्म करते, दुःखितांचे सांत्वन करते, भेटीला येणाऱ्यांना चार शब्द सुनावते. स्थानिक धर्मगुरूने तिच्यावर विश्वास न ठेवता तिची परीक्षा पाहण्यासाठी आशीर्वादित न केलेली भाकर तिला दिली, हा प्रसंग वाचताना आम्हा धर्मगुरूंना मान खाली घालावी लागते.

परंतु या चरित्रपरंपरेतला सर्वांत बोलका भाग वाचकाच्या नजरेतून निसटतो, कारण चरित्रकारांनीच तो घाईने उरकला आहे. अपघातानंतर लिदविना लगेच अंथरुणाला खिळली नाही. प्रारंभीच्या काळात ती घरातल्या सामानाला धरून, भिंतीचा आधार घेऊन, प्रसंगी सरपटत हिंडत होती. म्हणजे ती हालचाल सोडावयास तयार नव्हती! सोळा-सतरा वर्षांची मुलगी बाकाला धरून उभी राहते, दोन पावले टाकते, पडते, पुन्हा उठते. आजचा फिजिओथेरपिस्ट हे दृश्य पाहून थांबेल. तोल कोणत्या बाजूला जातो, पाऊल कोठे घसटते, बाकाऐवजी काय धरावयास द्यावे, असे प्रश्न तो विचारील. चरित्रकारांस मात्र ही वर्षे म्हणजे पवित्रतेची प्रस्तावना वाटते. मुलीने धडपड थांबवून अंथरूण पत्करले, पाप ऐकणाऱ्या यान पॉट या धर्मगुरूने तिला ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे चिंतन शिकविले, की खरे चरित्र सुरू होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जिचे शरीर हलत नाही तिचा आत्मा मात्र या चरित्रांत सारखा प्रवासात असतो. देवदूताचा हात धरून ती पवित्र भूमीत जाते, रोमच्या देवळांत जाते, स्वर्गातल्या बागेत फिरते. साक्षात्कारांच्या सत्यासत्यतेविषयी आम्ही येथे काही म्हणत नाही. तो ख्रिस्तसभेचा विषय आहे. साहित्य म्हणून पाहता एवढे दिसते की, चालण्याची ओढ या मुलीला अखेरपर्यंत सुटली नव्हती. अंथरुणाने जे अडविले ते दर्शनाने दिले. केम्पिस यांनी हे लिहून ठेवले, पण त्याचा अंथरुणाशी संबंध जोडला नाही.

यासाठी आम्ही केम्पिस यांना दोष देत नाही. त्यांच्या काळी वैद्यांजवळ द्यावयास काही नव्हते. दोष द्यावयाचा तर तो फ्रेंच कादंबरीकार ह्युइस्मान्स यांना. श्रद्धेकडे परतल्यानंतर १९०१ साली त्यांनी लिदविनाचे मोठे चरित्र प्रसिद्ध केले. इतरांच्या पापांसाठी निरपराध व्यक्तीने दुःख भोगावे, हा विचार त्यांच्या पुस्तकाचा कणा आहे. त्यांची शैली विलक्षण आहे. पण ती जखमेभोवती घुटमळते. पू, कृमी, दुर्गंध आणि त्यातून दरवळणारा स्वर्गीय सुगंध यांत लेखक इतका रंगतो की, कुठल्याशा वळणावर मुलगी हरवते आणि जखमाच उरतात. ह्युइस्मान्स पॅरिसचे; त्याच पॅरिसमध्ये शार्को यांना हा आजार सापडून तीस वर्षे उलटली होती. लिदविनाचा आजार हाच असावा हे त्यांनी ओळखावे अशी आमची अपेक्षा नाही. पण हालचाल हेच ज्यांचे औषध अशा उपचारांची तोवर युरोपात सुरुवात झाली होती, हे विसरता येत नाही. स्वित्झर्लंडमधील हायडेन येथे डॉ. फ्रेंकेल यांनी १८९० च्या सुमारास तोल गेलेल्या रुग्णांसाठी व्यायाम बसविले. रुग्णाने निजून, बसून वा उभे राहून, आखलेल्या खुणांवर आपले पाऊल डोळ्यांनी पाहत, आकडे मोजीत, सावकाश न्यावयाचे. जी वाट नसांना सापडत नाही ती डोळ्यांनी दाखवावयाची. हे व्यायाम मूळचे दुसऱ्या आजारासाठी होते. आज ते मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांनाही शिकविले जातात.

वैद्यकानेही या बाबतीत फार काळ अंथरुणाचीच बाजू घेतली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डॉ. उहटहॉफ यांनी १८९० साली नोंदविले की, श्रम केले असता अशा रुग्णांची दृष्टी मंदावते. पुढे कळले की कारण शरीरातली उष्णता हे आहे, आणि शरीर थंड झाले की दृष्टी पूर्ववत होते. आवरण झडलेल्या तंतूंतून उष्णतेमुळे संदेश नीट जात नाही एवढेच. तंतूंची नवी हानी त्यात होत नाही. पण ‘श्रमाने आजार वाढतो’ अशी समजूत रूढ झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या रुग्णांना ‘विश्रांती घ्या’ असाच सल्ला मिळत गेला. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डॉ. पेटाजन आणि त्यांचे सहकारी यांनी ५४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येकी ४० मिनिटे हातापायांनी चालवावयाच्या यंत्रावर व्यायाम केला. १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : दम टिकण्याची शक्ती वाढली, हातापायांचे बळ वाढले, उदासी कमी झाली, आणि आजार काही बळावला नाही. त्यानंतरच्या अभ्यासांनी याच दिशेला पुष्टी दिली आहे.

योगायोग असा की, त्याच १९९६ साली नॅन्सी मेअर्स या अमेरिकन लेखिकेचे ‘वेस्ट-हाय इन द वर्ल्ड’ हे पुस्तक निघाले. जग कमरेइतक्या उंचीवरून, म्हणजे चाकांच्या खुर्चीतून, कसे दिसते हा त्याचा विषय. मेअर्सबाईंचा जन्म १९४३ चा. तिशीच्या आतच मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. १९७७ साली त्यांनी पतीसह कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. आधी काठी, मग पायाला आधाराचा पट्टा, मग चाकांची खुर्ची, असा त्यांचा प्रवास त्यांच्या निबंधसंग्रहांतून क्रमाने वाचता येतो. २०१६ साली त्या निवर्तल्या. त्या राहत असत ॲरिझोनातील टूसॉन येथे, वाळवंटी उन्हाच्या गावी. या आजाराला न मानवणारे याहून वाईट गाव शोधूनही सापडणे कठीण.

मेअर्सबाईंच्या लेखनाचा विशेष असा की, त्या दोन्ही सोप्या भूमिका नाकारतात. खिळलेली संतीण होणे त्यांना मान्य नाही. आणि रविवारच्या पुरवण्यांतून ज्यांचे गोडवे गायिले जातात त्या ‘आजारावर मात करणाऱ्या’ वीरांच्या रांगेत बसणेही त्यांना मान्य नाही. १९८६ च्या संग्रहातील त्यांच्या गाजलेल्या निबंधात त्या स्वतःला सभ्य, गुळमुळीत शब्दांनी न संबोधता सरळ पांगळी म्हणवून घेतात. त्या निबंधाच्या आरंभी त्या शौचगृहात तोल जाऊन मागच्या मागे पडतात आणि उताण्या किड्यासारख्या पडल्या पडल्या हसू लागतात. केम्पिस यांच्या चरित्रात लिदविना एकदाच पडते आणि ते पडणे दैवी योजना ठरते. मेअर्सबाई वारंवार पडतात आणि दर वेळी त्यांना उठावे लागते. लेखनाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. एका पडण्यातून आख्यायिका होते. रोजच्या पडण्यातून संसाराची हकीगत होते.

त्यांच्या १९९३ च्या पुस्तकाचे नाव आहे ‘ऑर्डिनरी टाइम’. ही आपल्या उपासनेतली संज्ञा आहे : सामान्य काळ. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ आणि पास्काकाळ वगळता वर्षाचे जे ३३ किंवा ३४ आठवडे उरतात, ज्यांत वेदीवर हिरवे वस्त्र असते, तो काळ. लेखिकेचा आजार, तिच्या पतीला झालेला कर्करोग, विवाहातली वादळे, हे सारे त्या या काळाच्या नावाखाली मांडतात. आम्हांस हे शीर्षक एखाद्या प्रबंधाइतके मोलाचे वाटते. आपण दीर्घ आजाराला नेहमी उपवासकाळात टाकतो. जांभळे वस्त्र, क्रूसाची वाट, पुढे दिसणारा गुड फ्रायडे. परंतु पंचवीस-तीस वर्षे चालणारा आजार उपवासकाळात मावत नाही. सकाळी उठून पोटऱ्या ताणणे, खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला एक बोट टेकून तोल सांभाळणे, दुपारी निजणे, संध्याकाळी पुन्हा तेच, हा सामान्य काळाचा व्यवहार आहे. त्यात ना रक्त आहे ना साक्षात्कार. म्हणूनच तो आपल्या साहित्यात आला नाही.

मेअर्सबाईंवरही आक्षेप आहेत. काही नैतिक प्रश्नांवर त्यांची मते ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी जुळत नाहीत. ती आम्ही स्वीकारीत नाही. त्यांचा उपरोध कधी कधी मदतीला आलेल्या निरुपद्रवी माणसालाही चिमटा काढतो. व्यायामाचे मार्गदर्शन शोधणाऱ्याने तर या पुस्तकांकडे जाऊच नये. शिवाय त्यांची विद्युत खुर्ची, रुंद दारे आणि उतरत्या वाटा आपल्याकडच्या वाचकाला परक्या वाटतील. आपल्या घरांना उंबरठे आहेत, ओट्याला पायऱ्या आहेत, आणि बहुतेक देवळांच्या दाराशीही पायऱ्याच आहेत. पण एका बाबतीत त्या लिदविनाच्या चरित्रकारांच्या कितीतरी पुढे आहेत : त्यांच्या पानांवर मदत करणारा माणूस दिसतो. पती जॉर्ज उचलतो, बसवितो, कपडे चढवितो, थकतो. आणि मदत घेणारी व्यक्ती कोणत्या संकोचातून जाते हेही दिसते. लिदविनाला तीन दशकांहून अधिक काळ कूस कोणी बदलून दिली? तिच्या चरित्रांच्या कडेला पेट्रोनिला नावाची एक भाची दिसते. सैनिकांनी घरात घुसून आजारी आत्याला छळले तेव्हा ती आड आली आणि जखमी झाली. मृत्यूच्या दिवशी बाल्डविन नावाचा लहान भाचा तेवढा जवळ होता. या दोघांवर अधिक कोणी लिहिले नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्या घरांत असा रुग्ण आहे तेथे हा प्रश्न निव्वळ साहित्याचा नाही. धर्मग्रामात पवित्र कम्युनियन घेऊन आजाऱ्यांच्या घरी जाताना एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘फादर, देवाने दिलेला क्रूस आहे, आता कशाला त्या पोरीला व्यायामाचा त्रास?’ बोलणारी आई असते, मावशी असते, आणि तिच्या बोलण्यात माया असते. पण मायेने निजवून ठेवलेल्या पायाचे स्नायू ताठरतात, घोटा आखडतो, टाच जमिनीला टेकेनाशी होते. कूस न बदललेल्या पाठीला जखमा पडतात. ज्या जखमांचे वर्णन ह्युइस्मान्स यांनी इतक्या तन्मयतेने केले त्यांपैकी किती आजाराच्या होत्या आणि किती निजण्याच्या, असा प्रश्न आज परिचारिकेचे शिक्षण घेणारी मुलगीही विचारील. उठता न येणाऱ्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस द्यावी, त्याचे सांधे दुसऱ्याने रोज हळुवार फिरवावेत, हे तिला पहिल्याच वर्षी शिकविलेले असते.

व्यायामाने मल्टिपल स्क्लेरोसिस बरा होत नाही. झडलेले आवरण पोटऱ्या ताणल्याने परत येत नाही. आजाराचा वेग आवरणारी औषधे १९९३ पासून उपलब्ध होऊ लागली. ती वेगळी, आणि व्यायाम वेगळा. व्यायामाने जे उरले आहे ते टिकते, कधी थोडे वाढते. तो किती व कोणता करावा हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवितील. थकव्याआधी थांबावे लागते. आपल्या किनाऱ्यावरच्या एप्रिल-मे महिन्यांत तो पहाटे, पंख्याखाली, गार पाण्याचा फडका जवळ ठेवून करावा लागतो. उकाड्यात दृष्टी अंधूक झाली तर घाबरून व्यायाम कायमचा सोडण्याचे कारण नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घालावे. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठी काम करते. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराचा उल्लेख नावानिशी केला आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हता. दाखला काढावयास पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते.

दुःखाच्या अर्थाविषयी दुसरे जॉन पॉल पोपमहोदय यांचे ‘साल्व्हिफिची डोलोरिस’ हे १९८४ चे प्रेषितीय पत्र आपल्या प्रवचनांत नेहमी येते. पण ते बहुधा अर्धेच येते. ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होण्याचा भाग सांगितला जातो. शेवटी दयाळू शोमरोनी येतो, तो वगळला जातो. शोमरोनी जखमी माणसाला त्याच्या जखमांचा अर्थ समजावीत बसत नाही. तो तेल ओततो, पट्टी बांधतो, जनावरावर चढवितो आणि उतारशाळेत नेतो. म्हणजे त्याला हलवितो. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाच्या कथेतही चमत्कारापूर्वी चार माणसे छप्पर उसकटून खाट खाली सोडतात, आणि प्रभू त्यांचा विश्वास पाहतो, असे शुभवर्तमानकार आवर्जून नोंदवितो. त्या चौघांच्या खांद्यांना कळ लागली असेलच.

आपली मिस्साही हालचालींनीच बनलेली आहे. उभे राहणे, बसणे, गुडघे टेकणे, वेदीपर्यंत चालत जाणे. शुभवर्तमानाच्या वाचनाला आपल्या पायांवर उभे राहता यावे एवढ्यासाठी आठवडाभर खुर्चीवरून उठण्याचा सराव करणारा रुग्ण क्रूस नाकारतो आहे, असे कोण म्हणेल? आणि ज्याला तेही जमत नाही तो बसून ऐकतो. त्याच्या बसण्यात काही उणे नाही.

मराठीत लिदविनाचे नवे चरित्र कोणी लिहावयास घेणार असेल, तर आमची त्यांना सूचना आहे. जखमांची प्रकरणे आटोपशीर करावीत. साक्षात्कारांचे वर्णन केम्पिस यांच्या संयमाने करावे. बाकाला धरून ती मुलगी घरभर हिंडत होती त्या काळाला मात्र एक स्वतंत्र प्रकरण द्यावे. आणि पेट्रोनिलाविषयी साधने थोडी असली तरी, पाणी कोणी तापविले, पेंढा कोणी बदलला, उजवा हात धुताना तो कोणी उचलून धरला, हे विचारल्याशिवाय पुढचे पान लिहू नये.